दांड्यावरचं फडकं

तुपाचा रिकामा डबा स्टुलावर आडवा ठेवून छगनने त्याच्या बुडाला भोक पाडलं होतं, आणि त्या भोकाकडे बघून वत्सलाबाईंनी हसायचं होतं. सकाळपासून हाच उद्योग चालला होता आणि हसू काही जमत नव्हतं.

"डबाकडे नको दखू भाभी, भोकमा दख," छगन म्हणाला. "आनि दात नको दखाडू. मालकीण हासस तशी हास."

"मालकीण कशी हासस, हाई माले कोठे म्हाईत? मी तं मन्हासारखीच हासस."

दाराला टेकून उभी असलेली रंजनाबाई खुदकन हसली आणि लगेच तिने तोंड फिरवलं. कालपासून तिचा रुसवा होता. शांतीलालभाईची बायको ती, या घरातली बोलकी सून; खुर्चीवर बसायचा मान मिळायचा तर तिलाच, असं तिने मनाशी धरलं होतं. तिने दोन लुगडी इस्त्री करूनही ठेवली होती. आणि धाकट्या दिराने, छगनने, निवड केली ती विधवा जाऊबाईंची, ज्यांना चारचौघांत नाव विचारलं तरी घाम फुटायचा.

साऱ्या नंदुरबारात टेलिव्हिजन डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे छगन. दिल्लीच्या प्रदर्शनात गर्दीतून टाचा उंचावून त्याने ते यंत्र पाहिलं होतं, तेही दुरून. एवढ्या भांडवलावर तो या विषयातला पंडित ठरला होता. विलायतेतल्या एका टेलिव्हिजन कंपनीची माणसं उद्या जसोदा जिनिंग-प्रेसिंग कंपनीत येणार होती. तिकडचे लोक जे कापड अंगावर घालतात त्याचा कापूस कोणाकोणाच्या हातांतून जातो, त्या हातांचं काय होतं, यावर त्यांचा बोलपट निघत होता. मुंबईच्या ज्या गिरणीला या कंपनीच्या रुईच्या गाठी जात, तिथे ती मंडळी आधीच जाऊन साहेबांना घाम फोडून आली होती. गिरणीच्या साहेबांनी निरोप धाडला: येतील त्यांना भेटा, नीट उत्तरं द्या, तोंड लपवलंत तर पुढच्या हंगामात तुमच्या गाठी आमच्याकडे आणू नका.

सहासष्ट सालचा माघ महिना होता, हंगाम ऐन भरात. तरीही दोन दिवस सगळं सोडून कंपनी सजली. भिंतींना चुना आणि खाली गेरूचा पट्टा, वाळूच्या लाल बादल्या, पाण्याच्या माठांना पितळी तोट्या, रेच्यांवर कपाशी घालणाऱ्या बायांना शहाद्याहून आणलेली एकसारखी हिरवी लुगडी. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. तशी रांगच होती जिनात, आणि प्रत्येक रेचा नव्याने तेल पिऊन चकचकत होता. इंजिनाचा रमजान मिस्त्री म्हणाला, "अब मुझे भी रंग लगा दो, एक मैंच बाकी हूं."

पण चुन्याने झाकता येणार नाही अशी एक गोष्ट होती, आणि ती रोज हातात झाडू घेऊन कंपनीच्या अंगणात फिरत होती. कालीबाई. गेल्याच्या गेल्या वर्षी तिचा उजवा हात कोपरापर्यंत जिनाच्या फळीखाली गेला, तो गेलाच. टेलिव्हिजनवाल्यांच्या कानावर ते कोणीतरी घातलं होतं. ते विचारणार होते त्याबद्दलच.

"चाल, शेवटना सवाल," छगनने घसा खाकरला आणि शहरी मराठी लावली. या दोन दिवसांत त्याने घरात अहिराणीतल्या 'शे' आणि 'ऱ्हायना' यांना बंदी केली होती. "वत्सलाबाई, कालीबाईंचा अपघात कसा झाला?"

वत्सलाबाईंनी पदर सावरला. पाठ होतं. "जिनाच्या फळीखाली, लाकडी जमिनीखाली, मोठा दांडा फिरतो. त्यावरून पट्टे वर रेच्यांना जातात. खाली सरकी साचली की ती ओढायला बाई उतरते. तेव्हा पट्टा सोडवून सगळं थांबवतात. उतरण्याआधी बाई आपलं भाकरीचं फडकं इंजिनाच्या खोलीतल्या, पट्टा चढवायच्या मुठीला बांधते. फडकं असेपर्यंत मिस्त्री मुठीला हात लावत नाही. वर आली की तीच सोडते. त्या दिवशी कालीबाईने..."

"पुढे?"

"त्या दिवशी कालीबाईने फडकं बांधलं नव्हतं."

"असं खाले दखीसन नको बोलू ना भाभी! खोटं वाटस."

"खोटं शे का?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"खोटं कसाले व्हई? रमजानभाईनी डोळावरी दखेल शे. मूठ उघडी व्हती म्हनीसन त्यानी चालू करं." छगन त्या वर्षी पुण्याला कॉलेजात होता, त्याला जे सांगितलं गेलं तेच तो सांगत होता. "आनि पुढलं? 'आता आम्ही...'"

"आता आम्ही फडकी बंद केली आहेत. पत्र्याची पाटी केली आहे. तिच्यावर लिहिलंय, खाली माणूस आहे."

"हाई चांगलं जमनं. आनि ते म्हनतीन, कंपनी कोणी सुरू केली, तवय भाऊनं नाव घेवाले लागी."

वत्सलाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "त्यास्नं नाव मी कसं घेसू रे?"

"उखाणा घाल भाभी," रंजनाबाई दारातून म्हणाली. "कपाशीनी गाडी उनी दारमा..."

सगळे हसले, वत्सलाबाईसुद्धा. थोरल्या मगनभाईंशी लग्न होऊन कोरीटला, सासरच्या गावी, आल्या तेव्हा उंबऱ्यावर एकदा, नणंदेच्या लग्नात एकदा, तेही उखाण्याच्या आडून. सरळ नाव त्यांनी नवऱ्याच्या हयातीत घेतलं नाही आणि त्यांच्या मागेही नाही. शेवटी 'माझे यजमान' म्हणायचं ठरलं. छगनने धीर दिला, "भाभी, घाबरू नको. तठे विलायतमा दिसी हाई. आठे कोन्हा घरमा शे टेलिव्हिजन? तू काय बोलनी, हाई कोरीटना कावळाले बी समजाव नही."

त्याने धीर आला खरा, पण अस्वस्थपणा काही गेला नाही. कारण कालीबाई. तिने आरडाओरड कधी केली नाही. वर्षातून एखाद्या वेळी, झाडता झाडता थांबून, समोर कोणीही असो, ती एवढंच म्हणायची, "मी फडकं बांधेल व्हतं." आणि पुन्हा झाडायला लागायची. लोक म्हणत, दुखण्याने तिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

*

दुपारी जिनात शेवटची तालीम होती. फक्त इंजिन संथ चालत होतं, पट्टा सोडवलेला होता, रेचे गप्प उभे होते आणि हिरव्या लुगड्यांतल्या बाया अंगणात भाकरी खाऊन ओळीने बसल्या होत्या. शांतीलालभाई काट्यापाशी गाडीवानांवर खेकसत होते. कंपनीचे कर्ते तेच. पण रागाचा पारा असा की त्यांना कॅमेऱ्यापुढे बसवणं म्हणजे पेंढ्याजवळ काडी ओढणं, हे त्यांच्या बायकोसकट सगळ्यांना मान्य होतं.

वत्सलाबाई एकट्याच सगळीकडे नजर टाकत फिरल्या. वाकडी खुर्ची सरळ केली, माठावरचं झाकण नीट बसवलं. ही सवय त्यांची नव्हती, नवऱ्याकडून आलेली होती. मगनभाईंना टापटिपीचं वेड होतं. जेवताना पाण्याचा तांब्या तिरका असला तरी घास गळ्याखाली उतरत नसे. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं, तरी त्यांचे हात या बाईच्या हातांत राहून गेले होते.

इंजिनाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांचा जीव सुखावला. पांढऱ्या भिंती, घासून सोन्यासारखं केलेलं पितळ. खिळ्याला नवी पाटी टांगलेली, तिच्यावर पेंटरने काढलेली लाल अक्षरं. पाटी खिळ्यावर म्हणजे खाली कोणी नाही. आणि त्या सगळ्या झळाळीत, मुठीला गुंडाळलेलं एक कळकट, तेलकट चिंधूक. मिस्त्रीने हात पुसून लटकवलं असणार, त्या मनात म्हणाल्या. उद्या नेमकं तेच कॅमेऱ्यात यायचं. त्यांनी गाठ सोडली. बरीच घट्ट होती. चिंधी घडी करून काखेत धरली आणि मुठीवरचा डाग पदराने पुसला.

"रमजानभाई!" बाहेरून छगनची हाक आली. "पट्टा चढाडा! आवाजमा भाभीना आवाज आयकू येस का दखसूत."

रमजान मिस्त्री तोंड पुसत आला. त्याने पाटी पाहिली, खिळ्यावर होती. मूठ पाहिली, उघडी होती. तरी क्षणभर तो थांबला; त्या दिवसापासून मुठीला हात घालताना तो थांबायचाच. मग त्याने मूठ धरली आणि ओढायला लागला. फळीखालून एक खोल, दमदार घरघर उठली.

"मिस्त्री! सोड! सोड ती मूठ!"

दारात कालीबाई होती. झाडू हातातून पडला होता आणि तिचा एकुलता हात वत्सलाबाईंच्या काखेकडे रोखलेला होता. "ते दगूबाईनं फडकं शे! दगूबाई खाले शे!"

मिस्त्रीने अंगातलं सगळं बळ लावून मूठ मागे लोटली. घरघर अडली, कचकचली आणि थांबली. मिस्त्री तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसला, त्याच्या तोंडून फक्त "या अल्ला, या अल्ला" निघत होतं.

फळीचं झाकण वर उचललं गेलं. डोक्याला, भुवयांना रुईचे तंतू चिकटलेली दगूबाई कमरेपर्यंत वर आली. दोन्ही हात तिने फळीवर टेकवले. वत्सलाबाईंनी ते हात आधी मोजून पाहिल्यासारखे पाहिले, मग तिचं तोंड पाहिलं.

"कोन्ही हालाडं रे?" दगूबाई कडाडली. "फडकं बांधेल व्हतं ना मी! डोळा फुटनात का?"

"पाटी... पाटी खिळ्यावर होती," वत्सलाबाई पुटपुटल्या. घाबरून त्या पाठ केलेल्या मराठीतच बोलल्या.

"माले काय वाचता येस, भाभी? मी मन्हं फडकं जानस."

शांतीलालभाई धापा टाकत धावत आले. त्यांनी दगूबाईकडे पाहिलं, बसलेल्या मिस्त्रीकडे पाहिलं, आणि मग भावजयीच्या हातातल्या त्या घडी केलेल्या चिंधीकडे.

"भाभी, तू बी?" ते म्हणाले. "भाऊनी करं तेच तू बी करं?"

बोलून गेल्यावर त्यांनी ओठ मिटले. पण शब्द सुटले होते.

"काय करं व्हतं त्यास्नी?" वत्सलाबाईंनी विचारलं.

*

कचेरीचं दार लावून घरची चौघं बसली. शांतीलालभाई खिडकीकडे तोंड करून बोलले, कोणाकडे पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

त्या दिवशीही पाहुणा यायचा होता. गिरणीचा खरेदीदार. मगनभाई सकाळपासून जिनात आवराआवर करत फिरत होते. मिस्त्री नमाजाला गेलेला. मगनभाईंनी मुठीवरचं फडकं सोडलं, बघा कसल्या चिंध्या लटकवतात म्हणाले. शांतीलाल दारातच होते, पण लक्ष पाहुण्याच्या टांग्याकडे. मिस्त्री आला, मूठ उघडी दिसली, त्याने ओढली. मग ती किंकाळी. भाऊ फडकं हातात घेऊन तसाच उभा होता.

"मी ते त्यास्ना हातमाईन हिसकावं आनि चुल्हामा टाकं," शांतीलालभाई म्हणाले. "म्हननू, भाऊ, आते तू काही बोलू नको. मी दखी लेस. मिस्त्रीले बी म्हाईत नही. तो बिचारा आज बी सोताले खास."

वत्सलाबाई ऐकत होत्या. त्यांना आठवत होतं ते वेगळंच. त्या दिवशी मगनभाई घरी आले ते मोरीत बसून किती तरी वेळ हात धूत राहिले. मग जिनात जाणं सोडलं. कोरीटच्या केळीच्या बागेत जाऊन बसायचे. घरी आले की एकच विचारायचे, कालीबाईला काम दिलं का, ती जेवली का. सारं गाव म्हणायचं, काय दयाळू माणूस. त्यांच्या नावाची पाणपोई झाली. आणि पुढच्या आषाढात छातीत कळ येऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

"माले सांगं नही," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांना रडू येत नव्हतं, राग येत होता, असा राग त्यांना त्या माणसाचा जन्मात कधी आला नव्हता. "मन्हा शेजारे झोपे तो मानूस. एक डाव बी सांगं नही."

"तुले काय सांगी?" शांतीलालभाई म्हणाले. "आनि सांगीसन काय व्हतं?"

छगन मात्र पेटला होता. "आनि माले? माले बी खोटं पाठ कराडं? दोन दिन मी भाभीले खोटं शिकाडी ऱ्हायनू, आनि तुम्ही काटापान उभा राहीसन दखी ऱ्हायनात!"

"तू गप ऱ्हाय. शिकेल शे म्हनीसन शहाना बनू नको."

"शहाना नही, दादा, पन आंधळा बी नही." तो उठून येरझाऱ्या घालायला लागला, आणि तिसऱ्या फेरीत त्याचा राग थंड होऊन त्याच्यातला कंपनीचा भागीदार जागा झाला. "पन दादा, दखा. खरं सांगं तरी काय बिघडस? कंपनीना कायदा बरोबरच व्हता, एक मानूस चुकना. आनि तो मानूस तं आते शे नही. त्याले कोन काय करी?"

शांतीलालभाईंनी त्याच्या थोबाडीत मारली नाही एवढंच. "मन्हा भाऊ शे तो! मरी गया म्हनीसन त्याले दुनियाना समोर उभा करशी? गाठी जाऊ दे गिरणीना खड्डामा. त्यानं नाव कोन्ही घेवानं नही."

आतापर्यंत या घरात दोन भाऊ एका बाजूला आणि बायका दुसरीकडे असत. आज भाऊच समोरासमोर उभे होते, आणि गंमत अशी की कंपनी वाचवायला निघालेला धाकटा खरं बोला म्हणत होता आणि भावावर जीव टाकणारा मधला खोटं बोला म्हणत होता. वत्सलाबाईंना दोघांचंही पटत नव्हतं. छगनच्या तोंडून तेच खरं इतकं स्वस्त वाटत होतं की ते ऐकवेना.

"मी बठस," रंजनाबाई एकाएकी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "भाभीले कसाले त्रास? माले सगळं पाठ शे. फडकं बांधं नव्हतं, इतलंच म्हनानं ना? मी म्हनी देसू."

शांतीलालभाईंनी सुटकेचा श्वास टाकला. छगनने खांदे उडवले. आणि खरं सांगायचं तर वत्सलाबाईंनाही सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला खोटं बोलायला नको आणि खरंही बोलायला नको. उद्या अंग दुखतंय म्हणून कोरीटला निघून जावं, केळीच्या बागेत बसावं. हे मनात आलं आणि त्या दचकल्या. त्यांचा नवराही नेमका तिथेच जाऊन बसायचा.

बाहेर पडल्या तर ऊन कलायला लागलं होतं. कालीबाई अंगणात डाव्या हाताने सरकी गोळा करत होती. वत्सलाबाई तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"आज तू व्हती म्हनीसन दगूबाई वाचनी," त्या म्हणाल्या.

"फडकं म्हाईत शे ना माले. निळ्या किनारनं. तिन्ही मायनं लुगडं व्हतं ते." कालीबाईने झाडू खाली ठेवला. "मन्हं लाल व्हतं. मी दोन गाठी मारेल व्हत्या, मोठी भाभी."

"मग कोन्ही सोडं व्हई?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"माले कसं म्हाईत? मी तं खाले व्हती." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती मोजून सांगत होती. "हात गया तो गया. पन लोके माले भुलक्कड म्हनतस. मन्ही आंडेरले, त्या पोरीले, कोन्हा जिनमा लेतस नही. म्हनतस, माय भुलक्कड, आंडेर बी तशीच ऱ्हाई. तिनं काय चुकनं?"

वत्सलाबाईंना आत्ता, इथेच सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात कालीबाई म्हणाली, "तुम्हना शेठ भला मानूस व्हता. रोज इचारे माले, जेवनी का म्हनीसन. डोळामा पानी ऱ्हाये त्यास्ना."

तोंड मिटलं गेलं. वत्सलाबाई घरी गेल्या.

*

टेलिव्हिजनवाले आले ते धुळीने माखून. एक गोरा, उंच माणूस कॅमेरा खांद्यावर बाळ घेतल्यासारखा वागवत होता, आणि त्याच्या सोबत प्रश्न विचारणाऱ्या मुंबईच्या बाई, मराठी बोलणाऱ्या, केस आखूड कापलेल्या. चुन्याच्या भिंती, लाल बादल्या, पितळी तोट्या, सगळं त्यांनी पाहिलं आणि कशाचंच कौतुक केलं नाही. छगनचं तोंड उतरलं.

रंजनाबाई खुर्चीवर बसली. सोन्याच्या पाटल्या, इस्त्रीचं लुगडं. वत्सलाबाई कोरीटला गेल्या नव्हत्या. इंजिनाच्या खोलीच्या दाराशी, कॅमेऱ्याच्या मागे उभ्या होत्या. का थांबल्या ते त्यांनाच सांगता आलं नसतं. बाहेर बाया ओळीने बसल्या होत्या आणि कालीबाईला शांतीलालभाईंनी दूर, वखारीपाशी झाडायला लावलं होतं.

रंजनाबाई झकास बोलली. माठ किती, सुट्टी कधी, आजारी पडलं तर काय. गोरा माणूसही मान हलवायला लागला. मग त्या बाईंनी विचारलं, "कालीबाईंचा अपघात कसा झाला?"

"जिनाच्या फळीखाली मोठा दांडा फिरतो," रंजनाबाईने सुरू केलं. "बाई उतरते तेव्हा फडकं बांधते. त्या दिवशी..." ती थांबली. ओठांवरून जीभ फिरवली. तिची नजर दारापर्यंत गेली. दगूबाई तिथे बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. काल याच वेळी ते हात फळीखाली होते. "त्या दिवशी..."

"हो, सांगा ना."

रंजनाबाई उठली. पाटल्या वाजल्या. "हाई माले इचारू नका," ती म्हणाली. छगनची शहरी मराठी वाहून गेली होती. "मी आठे नव्हती, माले बोलता येवाव नही. मन्ही जेठानीले इचारा." आणि शांतीलालभाईंच्या डोळ्यांना डोळा न भिडवता ती बाजूला झाली. वत्सलाबाईंच्या जवळून जाताना तिने त्यांचा हात दाबला. रुसवा कुठल्या कुठे गेला होता.

वत्सलाबाई खुर्चीवर बसल्या. दिव्याचा झोत तोंडावर आला. डब्याचं भोक बरं होतं, ते निदान असं पापणी न मिटता बघत नव्हतं.

"कालीबाईने फडकं बांधलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन गाठी मारून."

बाईंनी गोऱ्या माणसाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. तो वाकून जवळ आला. "मग अपघात कसा झाला?"

"ते कोणीतरी सोडलं. टापटीप करायला. पाहुणा यायचा होता म्हणून."

"कोणी सोडलं?"

"आमच्या घरच्यांनी."

"घरच्यांनी म्हणजे? तुमच्या घरात तीन भाऊ या कंपनीत होते ना? कोणी?"

वत्सलाबाईंनी पाहिलं. शांतीलालभाई भिंतीपाशी मान खाली घालून उभे होते. ते काही बोलणार नव्हते. कोणी बोट दाखवलं असतं तर अंगावर घेतलं असतं, हे त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. दिव्याच्या मागे उभी असलेली कंपनीची दोन-चार माणसं शांतीलालभाईंकडेच बघायला लागली होती. 'घरचे' म्हणून आता भागणार नव्हतं. 'माझे यजमान' म्हटलं असतं, तर त्या परक्या बाईंनी पुन्हा नाव विचारलंच असतं.

उखाणा नव्हता, उंबरा नव्हता, तांदळाचं माप नव्हतं.

"मगनलाल," त्या म्हणाल्या. "मगनलाल नरोत्तम पाटील. माझा नवरा. त्याने सोडलं. आणि कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही."

आतमध्ये कोणीतरी "अरे देवा" म्हटलं. रमजान मिस्त्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, त्याचे खांदे हलत होते. शांतीलालभाई मागच्या दाराने बाहेर निघून गेले. गोऱ्या माणसाने कॅमेरा खाली केला आणि काही तरी म्हणाला. बाईंनी मराठीत सांगितलं, "धन्यवाद. फार छान आलंय. आमच्याकडे लाखो लोक हे ऐकतील."

वत्सलाबाई खुर्चीवरच बसून होत्या. मोकळं मोकळं काही वाटत नव्हतं. मेलेल्या माणसाला उठवून पुन्हा मारल्यासारखं वाटत होतं. दारात सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं.

कालीबाई होती. वखारीपासून ती धावत आली असावी, दम लागला होता. कोणीतरी तिला सांगितलं होतं. काय सांगितलं, किती सांगितलं कोण जाणे.

"मोठी भाभी," ती म्हणाली, "तुम्ही बोलन्यात म्हने."

"बोलनू."

"कोन्हापान?"

वत्सलाबाईंनी कॅमेऱ्याकडे हात केला. कालीबाईने त्या यंत्राकडे पाहिलं. ते आता पेटीत चाललं होतं.

"ते तं विलायतले जाई," ती म्हणाली. "विलायतमा माले कोन वळखस? आठे सांगा ना, भाभी. आठे, या बायास्ले."

छगन पुढे झाला, "भाभी, व्हयनं ना आते, ऱ्हावू दे..." रंजनाबाईने त्याच्या बाहीला धरून त्याला मागे ओढलं.

वत्सलाबाई उठल्या. त्यांनी कालीबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी दाराशी आल्या. अंगणात हिरव्या लुगड्यांची ओळ होती, पलीकडे कपाशीच्या गाड्या, गाडीवान, काट्यावरची माणसं, फाटकापाशी थांबलेले चार बाजारकरू. कालीबाईची मुलगीही त्यांतच कुठेतरी उभी होती.

"कालीबाईनी फडकं बांधेल व्हतं!" वत्सलाबाई ओरडून म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या. "ती भुलनी नव्हती! फडकं मन्हा नवरानी सोडं, मगनलालनी!"

मागच्या गाडीवानाने कानाला हात लावला. त्याला नीट ऐकू गेलं नव्हतं.

वत्सलाबाईंनी श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं.